एक यंत्र, अनेक पाट्या

संकेतस्थळ म्हणजे काय, हे सांगण्याची गरज आता यवतमाळसारख्या गावातही उरलेली नाही. सातबाऱ्याचा उतारा, विजेचे बिल, परीक्षेचा निकाल, कापसाचा भाव, सारे काही संकेतस्थळावर पाहण्याची सवय लोकांना लागून गेली आहे. परंतु ही स्थळे पाहणाऱ्यांची संख्या जेवढी वाढली, तेवढी ती उभारणाऱ्यांची वाढली नाही. उभारणीची विद्या ही पुण्या-मुंबईच्या मोठ्या पगाराच्या मंडळींची, आपले तेथे काय काम, असा समज मात्र पक्का होऊन बसला आहे. आम्हांला हा समज मान्य नाही. आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते वाचून, विचारून आणि यंत्रापुढे बसून. घरातल्या एका जुन्या संगणकावर चार-पाच चाचणीची संकेतस्थळे एकाच वेळी कशी नांदवता येतात, एवढाच विषय येथे मांडावयाचा आहे.

आता चाचणीचे स्थळ हवेच कशाला? ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. मजकूर जुळवून झाला म्हणून कोणी एकदम हजार प्रती काढीत नसे. आधी एक कच्चे मुद्रित काढायचे, ते तपासायचे, काने-मात्रे सुधारायचे आणि मग छपाई सुरू करायची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली 'दीनबंधु' पत्र चालवावयास घेतले. म्हणजे कामगार चळवळीची आणि मुद्रितशोधनाची ओळख तशी फार जुनी. पत्रकातला एक आकडा चुकला, तर मालक नेमका तोच आकडा धरून बसतो आणि बाकीच्या खऱ्या गोष्टी त्याबरोबर वाहून जातात. संकेतस्थळाचे याहून कठीण. चुकीचे पत्रक निदान परत गोळा करता येते. पडद्यावरचे चुकीचे वाक्य आपण सुधारीपर्यंत त्याचे चित्र पन्नास मोबाइलवर जाऊन पोचलेले असते.

एक उदाहरण देतो. बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावयाची, तर मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. या माहितीचे पान तयार करण्याचे काम आम्ही एका गृहस्थांकडे दिले होते. ते चालू स्थळावरच लिहीत, खोडीत, पुन्हा लिहीत. एका संध्याकाळी ९० च्या जागी ६० उमटले आणि रात्रभर तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी दारव्हा-आर्णीकडचे काही मजूर दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून यवतमाळला आले आणि हात हलवीत परत गेले. त्या गृहस्थांची नियत वाईट नव्हती. त्यांच्यापाशी चुकण्यासाठी वेगळी जागा नव्हती, एवढेच.

अशी जागा एक असून भागत नाही. जिनिंग-प्रेसिंगमधल्या कामगाराचे प्रश्न वेगळे, वणीकडच्या कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामगाराचे वेगळे, अंगणवाडी सेविकांचे वेगळे, बांधकाम मजुरांचे वेगळे. एकाच स्थळात सर्वांना कोंबले, तर कोणालाच आपले पान सापडत नाही. म्हणून चार स्थळे हवीत आणि चारही आधी घरात चालवून पाहावयास हवीत. मग चार संगणक घ्यावयाचे काय? येथे पुष्कळ लोक माघार घेतात, आणि ती घेण्याचे काहीच कारण नाही.

'सर्व्हर' हा शब्द कानी पडला की थंड हवेच्या खोलीतील लोखंडी कपाटे डोळ्यांपुढे येतात. वास्तविक सर्व्हर म्हणजे वाढपी. जो मागेल त्याला त्याने मागितलेले पान वाढायचे, एवढेच त्याचे काम. हे काम यंत्र करीत नाही, यंत्रात चालणारी एक आज्ञावली करते. आणि ती दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरही सुखाने चालते. २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय नावाच्या संगणकाची पाटी तर हाताच्या पंजावर मावते, आणि घरगुती चाचणीला तीही पुरते. वाढप्यांपैकी प्रसिद्ध नाव अपाचीचे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेली एक सर्व्हर आज्ञावली मूळ कर्ता निघून गेल्यावर पोरकी झाली होती. ती वापरणाऱ्या आठ जणांनी पत्रव्यवहाराने एकत्र येऊन आपापल्या दुरुस्त्या जोडल्या आणि १९९५ साली त्यातून अपाची उभी राहिली. ती कोणालाही फुकट घेता येते, उघडून पाहता येते, बदलता येते. वापरणाऱ्यांनीच एकजूट करून आपले हत्यार आपण घडविल्याचे हे उदाहरण आम्हां संघटनेच्या माणसांना विशेष गोड वाटते, हे लपविण्यात अर्थ नाही. २००४ साली रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी प्रसिद्ध केलेली एन्जिन-एक्स ही दुसरी आज्ञावलीही तेच काम उत्तम करते. आपण येथे अपाची धरून चालू.

आता मुख्य मुद्दा. एका यंत्राला पत्ता एकच असतो, मग एका पत्त्यावर चार स्थळे राहतात कशी?

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. घरक्रमांक एक, दिंडी दरवाजा एक, आत बिऱ्हाडे मात्र सहा. पोस्टमन सगळी पत्रे त्याच दारात आणतो, आणि तरीही देशमुखांचे पत्र राठोडांकडे जात नाही. कारण पाकिटावर नुसता घरक्रमांक नसतो, नावही असते. संगणकांच्या जगात घरक्रमांक म्हणजे आकड्यांचा पत्ता, आयपी ॲड्रेस. बिऱ्हाडकरूचे नाव म्हणजे स्थळाचे नाव. आपण ब्राउझरमध्ये नाव टंकतो तेव्हा ब्राउझर प्रथम त्या नावाचा आकडी पत्ता शोधून काढतो, त्या पत्त्यावर जातो आणि मागणीच्या चिठ्ठीवर 'मला अमुक नावाच्या स्थळाचे अमुक पान हवे' असे लिहून देतो. चिठ्ठीवरच्या या ओळीला 'होस्ट' असे म्हणतात. सारी किमया या एका ओळीत आहे.

आरंभी ही ओळ नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न येथील आपले पहिले संकेतस्थळ जगाला खुले केले, तेव्हा चिठ्ठीवर फक्त पानाचे नाव असे. नावाचा उपयोग घर शोधण्यापुरता, दाराशी पोचल्यावर ते विसरून जायचे. त्यामुळे प्रत्येक स्थळाला स्वतंत्र आकडी पत्ता लागे. या जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच निघतात. स्थळे भराभर वाढू लागली तेव्हा हा पुरवठा संपणार, हे जाणत्यांच्या ध्यानात आले. १९९७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने चिठ्ठीवर नाव लिहिणे सक्तीचे केले. नाव नसेल तर सर्व्हरने मागणी नाकारावी, असा दंडक घातला. तेव्हापासून एका पत्त्यावर शेकडो स्थळे नांदू लागली. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला, तो त्याच्या किती तरी आधी संपला असता. आज आपण ज्या लहानसहान दुकानांची, शाळांची स्थळे पाहतो, त्यांतली असंख्य स्थळे अशीच एका वाड्यात राहतात. मोठे व्यावसायिक जे करतात तेच आपण घरी करावयाचे. फरक असलाच तर बिऱ्हाडांच्या संख्येचा.

घरी करताना एक अडचण येते. नावाचा पत्ता जगाच्या नोंदवहीत असतो, आणि तेथे नाव नोंदवावयाचे तर पैसे पडतात. शिवाय चाचणीचे नाव जगाला कळवायचेच कशाला? यावर तोड प्रत्येक संगणकात आधीच ठेवलेली आहे, आणि तिचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९८३ पूर्वी जाळ्यातल्या सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील कचेरीत ठेवलेली असे. नवे नाव घालावयाचे तर कचेरीच्या वेळात फोन करावा लागे, आणि बाकीच्यांनी अधूनमधून त्या फाइलची नक्कल उतरवून न्यायची. संगणक वाढले तशी ही वही पुरेना. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आज चालते ती नावनोंदणीची पसरलेली व्यवस्था, डीएनएस, आखली. नवी व्यवस्था आली तरी जुनी वही प्रत्येक संगणकात राहून गेली. 'होस्ट्स' नावाची ती लहानशी फाइल आजही आहे, आणि साधारणपणे संगणक बाहेर विचारण्याआधी तिच्यात डोकावतो. तालुक्याला अर्ज करण्यापूर्वी घरची वही पाहावी, तसेच.

या वहीत एका ओळीत पत्ता आणि त्याच्यापुढे नाव लिहायचे. पत्ता १२७.०.०.१ हा. याचा अर्थ 'मी स्वतः'. १२७ ने आरंभ होणारे पत्ते सगळेच्या सगळे या स्वतःकडे पाहण्यासाठी राखलेले आहेत. त्यांची संख्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक भरते. ४२९ कोटींच्या दुष्काळात एवढी उधळपट्टी पूर्वीच्या लोकांनी केली, याचे आज नवल वाटते. असो. नावे आपल्या मनाची: 'जिन', 'खाण', 'अंगणवाडी', 'बांधकाम', आणि प्रत्येकाच्या शेवटी '.टेस्ट' हे शेपूट. (यंत्रात हे सर्व रोमन लिपीत टंकावे लागते, येथे आम्ही उच्चाराने देत आहो.)

शेपटाची निवड क्षुल्लक मानू नये. 'टेस्ट' हे शेपूट १९९९ साली चाचणीसाठी राखून ठेवले गेले. ते बाहेरच्या जगात कोणालाही विकत मिळणार नाही, तेव्हा आपल्या घरच्या नावाची दुसऱ्या कोणाशी टक्कर होण्याचे भय नाही. पुष्कळ हुशार मंडळी वर्षानुवर्षे '.डेव्ह' हे शेपूट लावीत. पुढे ते शेपूट गूगल कंपनीने रीतसर मिळविले, आणि २०१७ च्या डिसेंबरात क्रोम ब्राउझरने त्यावर मोहोरबंद जोडणीची सक्ती केली. झाले, जगभरच्या घरांतली चाचणीची स्थळे एका रात्रीत उघडेनाशी झाली. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या झोपडीचे जे होते तेच झाले, आणि नोटीसही कोणाच्या वाचनात आली नव्हती.

विंडोजवर काम करणाऱ्यांना येथे एक ठेच हमखास लागते. ही वही व्यवस्थापकाच्या अधिकाराशिवाय बदलता येत नाही; आणि नोटपॅड तिला गुपचूप '.टीएक्सटी' असे शेपूट चिकटवून वेगळीच फाइल जतन करतो. माणूस तासभर ओळी तपासत बसतो आणि ओळी अगदी बरोबर असतात.

वहीचे काम झाले की वाड्यात बिऱ्हाडे बसवायची. संगणकावर प्रत्येक स्थळासाठी स्वतंत्र कप्पा करावा. मग अपाचीच्या मांडणीच्या फाइलींत प्रत्येकासाठी 'व्हर्च्युअल होस्ट' नावाची एक चौकट लिहावी. चौकटीत दोन ओळी महत्त्वाच्या. 'सर्व्हरनेम' म्हणजे दारावरची पाटी: या नावाने कोणी आला तर तो आमचा. 'डॉक्युमेंटरूट' म्हणजे खोली: त्याचे पान या कप्प्यातून वाढावे. चार स्थळांच्या चार चौकटी. तिसरी एक ओळ आम्ही आग्रहाने सांगतो, ती तक्रारवहीची: प्रत्येक स्थळाच्या चुकांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये करावी. चौघांच्या तक्रारी एका वहीत मिसळल्या, म्हणजे कोणाचे काय दुखते ते कळत नाही.

हे लिहून झाल्यावर अपाचीला घाईने पुन्हा सुरू करू नये. आधी तिलाच मांडणी तपासावयास सांगावे. त्यासाठी 'कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा आहे. 'सिंटॅक्स ओके' असे उत्तर आले तरच पुढे जावे. कंस राहिला, शब्द चुकला, तर ती ओळीच्या क्रमांकासह सांगते. एवढा प्रामाणिक तपासनीस माणसांत क्वचित भेटतो.

एवढे करूनही पहिल्या दिवशी दोन गोष्टी नवशिक्याला छळतात. पहिली अशी की 'खाण' मागितली तरी 'अंगणवाडी' उघडते. कारण सोपे आहे. वाड्यात नाव न जुळणारे पत्र आले, तर पोस्टमन ते दाराजवळच्या पहिल्या बिऱ्हाडात टाकून जातो. अपाचीही तेच करते: चिठ्ठीवरचे नाव कोणत्याही पाटीशी जुळले नाही, तर जी चौकट प्रथम वाचली गेली तिचेच पान वाढते. ती रागावत नाही, नकारही देत नाही, म्हणून चूक ध्यानात येत नाही. तेव्हा पहिली चौकट मुद्दाम रिकामी ठेवावी आणि तिच्या पानावर 'या नावाचे येथे कोणी राहत नाही' एवढेच लिहावे. पाटीवरचे अक्षर चुकल्याचे मग तत्काळ कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'फॉरबिडन', मनाई. कप्पा आहे, पान आहे, पण अपाची हात लावीत नाही. संगणकात अपाचीला स्वतंत्र नोकर मानतात, आणि घरमालकाच्या खोलीत नोकराला मोकळीक नसते. मांडणीच्या फाइलीत त्या कप्प्याला 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' अशी परवानगी द्यावी लागते. आणि तेवढ्यानेही भागत नाही, दिंडी दरवाज्यापासून त्या खोलीपर्यंतचा प्रत्येक उंबरठा ओलांडण्याची मुभाही त्याला असावी लागते. पुष्कळ जण कंटाळून सगळ्या खोल्या सगळ्यांना सताड उघडून देतात. ते करू नये. फक्त वाटेतल्या कप्प्यांवर 'आत शिरण्या'ची परवानगी दिली की पुरते.

कोणी विचारील, नावांची एवढी यातायात कशाला, वाड्याला चार दारे पाडली तर? तेही करता येते. संगणकाच्या दारांना पोर्ट म्हणतात. नेहमीचे दार ८० क्रमांकाचे. ८०८१, ८०८२ अशी दारे उघडून प्रत्येकावर एक स्थळ बसवता येते. मोबाइलवर स्थळ कसे दिसते ते पाहताना हा मार्ग सोयीचा, कारण मोबाइलमधली होस्ट्स वही सहजासहजी बदलू देत नाहीत. तेथे घरातल्या संगणकाचा १९२.१६८ ने आरंभ होणारा पत्ता आणि दाराचा क्रमांक टंकला की काम होते. आणि आमचे नव्वद टक्के सभासद मोबाइलवरच पाहणार, तेव्हा ही पाहणी टाळून चालत नाही. पण कायमची व्यवस्था म्हणून आम्ही नावेच पसंत करतो. ब्राउझर कुकी नावाची जी ओळखचिठ्ठी जपतो, ती नावागणिक वेगळी असते, दारागणिक नसते. एकाच पत्त्यावरच्या दोन दारांतील स्थळे सारख्याच नावाची चिठ्ठी वापरीत असली, तर एकात प्रवेश केला की दुसऱ्यातून आपण बाहेर पडतो, आणि दोष आपल्या आज्ञावलीत शोधत बसतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्हांला हा सारा खटाटोप मोलाचा वाटतो, तिच्याकडे वळतो. संघटनेची सभासदयादी ही तिची तिजोरी असते. कोण सभासद आहे हे नको त्या माणसाला नको त्या वेळी कळले, तर कंत्राटी कामगाराचे नाव दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नसते. त्याला काढले असे कोणी म्हणतही नाही, नुसते बोलावीत नाहीत. म्हणून चाचणीच्या स्थळात खरी यादी कधीही भरू नये. नावे, गावे, फोन सारे कल्पित घ्यावे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला हे ठीकच. पण आमच्या व्यवहारात हा नियम कायद्याच्या आधीपासून आहे. दुसरे, अपाचीला फक्त १२७.०.०.१ वर कान देण्यास सांगावे, म्हणजे शेजारच्या संगणकालाही स्थळ दिसत नाही. मोबाइलवर पाहावयाचे त्या दिवसापुरते ते बंधन सैल करावे आणि पुन्हा आवळावे. घरातल्या राउटरमधून बाहेरच्या जगाकडे वाट काढून देण्याचा मोह तर अजिबात धरू नये. चाचणीचे स्थळ कच्चे असते, त्याला कड्या-कुलपे बसलेली नसतात. आणि रस्त्यावरून दारे हलवून पाहणारे लोक इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात. प्रत्येक स्थळाचा माहितीसाठाही वेगळा ठेवावा, त्याचा परवलीचा शब्द वेगळा ठेवावा. 'बांधकाम'वर प्रयोग करताना 'अंगणवाडी'चा साठा पुसला जाणे याहून मूर्ख अपघात नाही.

मोहोरबंद जोडणीविषयी थोडे. ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस अशी अक्षरे असतात ती हीच. यात चिठ्ठी पाकिटात बंद होऊन येते, मग नाव वाचायचे कसे, असा पेच पूर्वी पडला होता. २००३ साली पाकिटावर बाहेरून नाव लिहिण्याची सोय नियमात आली आणि तो सुटला. घरच्या स्थळाला स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र देता येते. ब्राउझर त्यावर नाराजी दाखवितो, ती घरापुरती सोसावी.

मराठीसाठी एक सूचना. पाने यूटीएफ-८ या पद्धतीनेच जतन करावी आणि पानाच्या माथ्यावर तसे लिहावे, नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटतात. संघटनेची जुनी पत्रके श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत असतील तर ती आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी, आणि उतरवल्यावर जोडाक्षरे व आकडे मूळ पत्रकाशी ताडून पाहावे. हे काम दोघांनी करावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे.

चारही स्थळे घरी नीट चालली, चार-दोन सभासदांना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतली, म्हणजे ती भाड्याच्या सार्वजनिक यंत्रावर न्यायची. या वेळी काही जण खऱ्या नावाची शेवटची तालीम घरी करतात: होस्ट्स वहीत सार्वजनिक नावापुढे १२७.०.०.१ लिहितात, म्हणजे खरे नाव टंकले तरी घरचे स्थळ उघडते. युक्ती चांगली आहे, पण तालीम संपताच ती ओळ खोडावी. ती राहिली तर आपल्या पडद्यावर ९० दिवस दिसत राहतात, आणि पुसदच्या मजुराच्या मोबाइलवर काय दिसते आहे, हे त्याने फोन केल्याशिवाय आपल्याला कळत नाही.